भिंती नसलेल्या गावातला तपास

फालेउटा गावात गुन्हा करणं तसं फार अवघड आहे. घरांना भिंतीच नाहीत. खांब आहेत, वर छप्पर आहे, आणि पाऊस तिरपा आलाच तर खाली सोडायला झावळ्यांचे पडदे आहेत. कोण कधी उठलं, कोणाच्या पानात मासा पडला आणि कोणाच्या पानात नुसतंच उकडलेलं केळं, कोणाचं नवऱ्याशी बिनसलंय, हे रस्त्याने जाणाऱ्याला मान न वळवता दिसतं. सावाईई बेटावरच्या अशा या गावात फुआतिनोला साठी उलटल्यावर गुन्हेगार शोधायचा नाद लागला. टीव्हीमुळे लागला असं गाव म्हणतं, पण सगळा दोष टीव्हीच्या माथी मारणं बरं नाही. बाई मुळातच चौकस होती.

ती गावची लेक. नवरा वारल्यावर सासरहून परतली आणि धाकट्या भावाच्या अंगणात वेगळं घर करून राहिली. भाऊ म्हणजे ताउफाओ. हे त्याचं नाव नव्हे, घराण्याच्या सरदारकीचा किताब. पण किताब मिळाल्यापासून त्याचं जुनं नाव बहुधा त्याच्या बायकोलाही आठवत नसावं. गावच्या सभेत तो काठी टेकून उभा राहिला की बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बहिणीसमोर मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आमच्याकडे भाऊ बहिणीला घाबरतो, मग तो सरदार का असेना. दुखावलेल्या बहिणीच्या तोंडून वाईट शब्द गेला तर घराणं बसतं असं सगळे मानतात, आणि फुआतिनोच्या तोंडून शब्द जायला फार वेळ लागत नसे.

शिवाय ती महिला मंडळाच्या पाहणीची मुख्य. मंडळाच्या बायका अधूनमधून ओळीने घरोघर जातात, चटया झाडलेल्या आहेत का, कप विसळलेले आहेत का, संडास धुतलाय का ते बघतात. इतर बायका उशीचा अभ्रा बघायच्या. फुआतिनो अभ्रा काढून आतली उशी बघायची. ती येतेय म्हटलं की भल्याभल्या सुनांच्या तोंडचं पाणी पळायचं.

तिची मुलगी सिनालेई ऑकलंडला नोकरी करायची. तिने आधी टीव्ही पाठवला, मग व्हिडिओ, आणि मग दर महिन्याच्या बोटीने घरी टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या कॅसेट, मधल्या जाहिरातींसकट. त्यात इंग्लंडातली एक मालिका होती. टक्कल पडलेला, सदा सफरचंद खाणारा एक इन्स्पेक्टर. दर भागात एक खून, आणि शेवटी तो सगळ्यांना एका दिवाणखान्यात गोळा करून एकेकासमोरून फिरत फिरत गुन्हेगारापाशी थांबायचा. गुन्हेगार रडायचा, कबूल व्हायचा, इन्स्पेक्टर सफरचंदाचा शेवटचा घास घ्यायचा आणि संपायचं.

शुक्रवारी संध्याकाळचा शंख वाजला, घरोघरच्या प्रार्थना उरकल्या, की अर्धं गाव फुआतिनोच्या घरात आणि उरलेलं बाहेर गवतावर बसायचं. भिंत नसल्यामुळे कोणाचंच अडत नसे. इंग्रजी सगळ्यांना येत नव्हतं, म्हणून फुआतिनो मोठ्याने सांगत जायची. तिच्या सांगण्यात तिथले जमीनदार सरदार व्हायचे, त्यांचा बटलर घरचा दूरचा पुतण्या व्हायचा, आणि ग्रंथालय म्हणजे बायबलांची खोली.

"मृतदेह खोलीत सापडला," ती सांगायची. "दार आतून बंद."

"पण बंद कशाला केलं होतं?" बाहेरून कोणीतरी विचारायचं.

"तिकडे करतात."

"मग मरेल नाहीतर काय! एकटाच दार लावून बसल्यावर कोणाला हाकही मारता येत नाही."

यावर सगळे माना डोलवायचे. गावाच्या मते निम्म्या खुनांचं मूळ त्या दारातच होतं.

या सगळ्यात फुआतिनोला एकच दुःख होतं. इतक्या कॅसेट पाहून झाल्या, पण तिला एकदाही गुन्हेगार ओळखता आला नव्हता. आणि शेजारची सेलेपा दर वेळी ओळखायची.

सेलेपा गावची सून. तिचं माहेर सातापुए, बेटाच्या पलीकडच्या अंगाला. सुना म्हणजे आमच्याकडे मंडळात मागे बसणाऱ्या, चहा ओतणाऱ्या. गावच्या लेकी बोलत असताना त्या मध्ये बोलत नाहीत. पण फुआतिनो माहेरी परतली तेव्हा तिच्याशेजारी येऊन बसलेली पहिली बाई ही सेलेपा. तेव्हापासून दोघी एकत्र चटयांसाठी पांदानाची लांब पानं वाळवायच्या, एकत्र विणायच्या, एकमेकींच्या भांड्यात जेवायच्या. मालिका बघताना सेलेपा कुशीवर आडवी व्हायची, पंख्याने वारा घ्यायची, निम्मा वेळ डोळे मिटलेले. आणि मध्येच म्हणायची, "भाच्याने मारलंय."

"कशावरून?"

"सगळे रडत होते तेव्हा तो पायाच्या बोटांकडे बघत होता. सरळ मनाचा माणूस रडणाऱ्याकडे बघतो."

आणि शेवटी इन्स्पेक्टर भाच्यासमोरच थांबायचा. लोक इन्स्पेक्टरकडे बघायचं सोडून सेलेपाकडे बघून टाळ्या पिटायचे. फुआतिनोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कॅसेट तिची, मुलगी तिची, इंग्रजी तिचं, आणि टाळ्या हिला!

एका शुक्रवारी तिचा तोल सुटला. "सेलेपा, पुन्हा शेवट आधी सांगितलास तर माझ्या घरात पाय ठेवू नकोस. कळलं?"

"कळलं बाई," सेलेपा म्हणाली. "नाही सांगणार." आणि तिने शब्द पाळला. तेव्हापासून गुन्हेगार ओळखला की ती पंखा उभा धरून तोंडावर दाबायची आणि गप्प बसायची. फुआतिनोला ते पहिल्यापेक्षाही सोसेना.

अशात ऊन पडायला लागलं आणि चटया वाळवायचा दिवस आला.

आमच्याकडे घराण्याची श्रीमंती चटयांत असते. या अंथरायच्या चटया नव्हेत. या मानाच्या, कापडासारख्या मऊ, काठाला लाल पिसं लावलेल्या. एकेक विणायला वर्षं जातात. लग्नात, मयतीत, किताब देताना त्या एका घराण्याकडून दुसऱ्याकडे जातात, तिथून तिसऱ्याकडे. फुआतिनोकडे तिच्या आईने विणलेली एक होती. ज्या पलंगावर कोणी झोपत नाही आणि जो फक्त पाहुण्यांनी बघायचा असतो, त्या पलंगाच्या गादीखाली ती पसरलेली असायची. "ही चटई या घरातून माझ्या शवपेटीवरूनच जाईल," असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, भावाला तर दोनदोनदा. मागच्या उन्हाळ्यात तिच्या एका कोपऱ्याची वीण सुटत होती. ती तिने आणि सेलेपाने मिळून पक्की केली होती.

गादी उचलली तर खाली चटई नव्हती.

फुआतिनोने असा काही टाहो फोडला की आसपासच्या बायका हातातलं टाकून धावत आल्या. कोणी ऊर बडवला, कोणी देवाचं नाव घेतलं. ताउफाओ मासे पकडायला गेलेला होता. सेलेपाही आली. तिने मोकळ्या पलंगाकडे पाहिलं आणि पंखा तोंडावर धरला.

"शोधत बसू नकोस," ती हळूच म्हणाली. "चटई कुठे जाते? फिरून घरीच येते. आली की पुन्हा बसू दोघी, तो कोपरा परत उसवलाय, शिवून टाकू."

फुआतिनोने रडं आवरून तिच्याकडे पाहिलं. कोपरा परत उसवलाय? हिला कसं ठाऊक? आपण तर स्वतःच्या हाताने पक्का केला होता. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि खरं सांगायचं तर दुःखाच्या बरोबरीने तिला थोडा आनंदही झाला. मालिकेत अशाच एका वाक्यावर माणूस पकडला जातो.

त्या दिवसापासून ती तपासाला लागली. पलंगाच्या लाकडावर तिने अंगाला लावायची पावडर शिंपडली आणि मेलेल्या नवऱ्याचा चष्मा लावून बोटांचे ठसे बघितले. ठसे भरपूर होते. त्यातले बरेचसे तिचे स्वतःचे. सेलेपाच्या चुलीघरामागे तिला एक लाल पीस सापडलं. सेलेपाचा कोंबडाही लालच होता, पण कोंबड्याचा विचार करायला ती तेव्हा तयार नव्हती. शिवाय सेलेपाच्या मुलीचं लग्न ठरलेलं, लग्नाला चटया हव्यात, आणि त्यांच्या घरात चटयांची चणचण होती हे पाहणीच्या निमित्ताने तिने स्वतः पाहिलेलं. सफरचंद गावात मिळत नव्हतं म्हणून ती पपई खात विचार करायची.

भावाला तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे ना ताई. एका चटईसाठी गावात तमाशा कशाला?"

"आईची चटई ती! आणि तू तमाशा म्हणतोस?"

"तसं नाही..." म्हणून त्याने काठी उचलली आणि सभेची वेळ झाली असं सांगून निघून गेला. सभा त्या दिवशी नव्हती.

पुढच्या पाहणीनंतर मंडळाच्या घरात चहा होता. फुआतिनोने सगळ्या बायकांना खांबांना टेकून गोल बसवलं. पाद्रीबाईंना मानाच्या जागी बसवलं. मग ती उठली आणि एकेकीसमोरून फिरायला लागली. अशा सभेत कोणी उठून फिरत नाही, त्यामुळे काय होणार ते सगळ्यांना लगेच कळलं, आणि हातातले पाव हातातच राहिले.

ती सुंदर बोलली, यात शंका नाही. भावाचं वक्तृत्व घराण्याचंच होतं. गादी, पावडर, पीस, लग्न, सगळं तिने एकेक करून उलगडलं. सेलेपासमोर येऊन ती थांबली.

"आणि हे मलाही ठाऊक नव्हतं, फक्त चोरालाच ठाऊक असणार, की कोपरा परत उसवलाय. मागच्या उन्हाळ्यात पक्का केलेला कोपरा, सेलेपा. तू कधी पाहिलास तो उसवलेला?"

आता ही रडणार, फुआतिनोला वाटलं. आता कबूल होणार.

सेलेपाने पाद्रीबाईंकडे पाहिलं, गावच्या लेकींकडे पाहिलं, आणि शेवटी फुआतिनोकडे. तिने पंखा तोंडावर धरला होता.

"झालं सांगून?" तिने विचारलं.

"झालं."

सेलेपा उठली, सगळ्यांसमोरून जाताना रीतीप्रमाणे वाकून 'वाट द्या' म्हणाली आणि घरी गेली. ती गेल्यावर एक म्हातारी डोळे पुसत फुआतिनोला म्हणाली, "काय छान सांगितलंस गं! अगदी टीव्हीत असल्यासारखं वाटलं."

मालिका इथे संपते. गावात मात्र त्याच संध्याकाळी दोन्ही घराण्यांचे तरुण व्हॉलीबॉलच्या मैदानावर एकमेकांच्या अंगावर गेले. प्रार्थनेच्या वेळेला, जेव्हा रस्त्यावर कुत्रंही फिरत नाही, सेलेपाच्या पत्र्यावर कोणीतरी दगड टाकले. मुलीच्या सासरहून निरोप आला की लग्नाचं जरा थांबवू. आणि गावच्या सभेचा निरोप आला की सोमवारी सगळे सरदार बसतील. घराण्याची मानाची चटई चोरणाऱ्याचं नुसत्या दंडावर भागत नाही. त्याच्या बिऱ्हाडाला गाव सोडावं लागतं. डुकरं, भांडी, मुलंबाळं घेऊन रस्त्यावर, आणि मागे जाळलेलं घर. असं एकदा फुआतिनोच्या लहानपणी झालं होतं, आणि त्या घराच्या दगडी जोत्यावर अजून कोणी काही बांधलेलं नाही.

"सेलेपाच्या नवऱ्याला तरी काय वाटतं?" तिने भावजयीला विचारलं.

"त्यालाही पटलंय म्हणे. तुम्ही सांगितलंच तसं ना. कोपऱ्याचं ऐकल्यावर तो खाली मान घालून बसलाय."

फुआतिनोला जेवण गेलं नाही. इन्स्पेक्टरला दुसऱ्या दिवशी काय वाटतं ते मालिकेत कधी दाखवलं नव्हतं. ती स्वतःला सांगत राहिली की पुरावा पक्का आहे. आपल्यालाच पुन्हा पुन्हा सांगावं लागतंय, हे काही तिला बरं वाटेना.

सोमवारी पहाटे ती उठली तेव्हा अंगणात माणसं होती.

सेलेपाचं सगळं घराणं फुआतिनोच्या घरासमोर गवतावर मांडी घालून बसलेलं होतं, माना खाली. नवरा, दीर, जावा, लग्नाची मुलगी. त्यांच्यापुढे चुलीतले दगड आणि सरपणाची मोळी ठेवलेली. म्हणजे आम्ही तुमच्या हवाली आहोत, भाजून खा म्हटलं तरी चालेल. आणि सगळ्यांच्या पुढे एकजण एकटं, डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत मानाच्या चटईखाली झाकलेलं. याला आम्ही इफोंगा म्हणतो. ज्याचा आपण अपराध केला त्याच्या दारात येऊन असं बसायचं. त्याने बाहेर येऊन चटई उचलली तर क्षमा, आणि चटई त्याची. नाही उचलली तर ऊन चढेल, पाऊस पडेल, कोणी दगड मारेल, तरी हलायचं नाही. क्षमा झाली की गावाच्या सभेलाही त्यात काही बोलता येत नाही.

शेजारीपाजारी आपापल्या घरात उठून बसले. कोणी पडदा सोडला नाही. ताउफाओ घराच्या पुढच्या खांबाशी येऊन बसला, कारण क्षमा करायची ती घराण्याच्या सरदाराने. पण तो उठेना.

फुआतिनो पायऱ्या उतरली. चटईखाली सेलेपा आहे हे तिला चटईबाहेर आलेल्या पायांवरून कळलं. मग तिची नजर काठावरच्या पिसांवर गेली. ती पिसं तिने जन्मभर पाहिली होती. कोपऱ्याची वीण उसवलेली होती. ही आईची चटई होती.

मागून कुजबुज ऐकू आली. लोकांनीही ओळखली होती. सापडली! चोराच्याच डोक्यावर सापडली! याहून पक्का पुरावा कुठल्या मालिकेतही नव्हता. फुआतिनोने तोंड उघडलं.

आणि मिटलं. चोरलेली चटई कोणी मालकाच्या दारात, साऱ्या गावादेखत, स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसतं का?

सेलेपाचं वाक्य तिला आठवलं: "चटई फिरून घरीच येते." तिने सेलेपाच्या नवऱ्याला विचारलं, "ही कुठून आणलीत?"

"सातापुएहून," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हिच्या माहेरून. शनिवारी हिने मला पाठवलं. म्हणाली, मयतीत आलेली आहे, तीच माग, दुसरी आणू नकोस."

सातापुएची मयत. पावसाळ्याअखेर तिथले मोठे सरदार वारले, तेव्हा गावातून कोण कोण गेलं होतं ते तिला आठवलं. सेलेपा गेली होती, माहेरची मयत म्हणून, चहा करायला. आणि घराण्याच्या वतीने, मानाच्या चटया घेऊन, एक माणूस गेला होता. त्याच्या पुतणीचं लग्न नुकतंच झालेलं, घरात द्यायला धड चटई उरलेली नव्हती, तरी तो ताठ मानेने गेला होता आणि ताठ मानेने आला होता.

तिने वळून भावाकडे पाहिलं. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. ताउफाओ स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत होता.

अशा रीतीने फुआतिनोला आयुष्यात पहिल्यांदा गुन्हेगार बरोबर ओळखता आला. दिवाणखानाही जमलेला होता. एक पाऊल टाकून त्याच्यासमोर थांबायचं बाकी होतं.

त्या मयतीत भावाने ही चटई दिलेली सेलेपाने पाहिली होती. बोलली असती तर सुटली असती. पण परगावच्या सुनेने सरदाराला चोर म्हणायचं, तेही त्याच्या बहिणीसमोर! म्हणून तिने चटई परत आणायची ही एकच वाट शोधली. गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला, त्या वाटेवर नवऱ्याला, मुलीला बसवलं, आणि इतकं करून चटईही देऊन टाकली.

फुआतिनो घराण्याच्या आवाजात, सगळ्या घरांना ऐकू जाईल असं बोलली. "गावकऱ्यांनो, ही चटई मी दिली होती. सातापुएच्या मयतीला न्यायला मीच भावाच्या हातात दिली, आणि म्हातारपणी विसरून गेले. सेलेपाने काही घेतलेलं नाही. तिच्या घराण्याने कसलाही अपराध केलेला नाही. अपराध माझा आहे."

गावात बहुतेकांना ठाऊक होतं की ही बाई उशीतला कापूससुद्धा विसरत नाही.

मग तिने अशी गोष्ट केली जी कोणी कधी पाहिली नव्हती. चटई उचलायची ती न उचलता तिचा काठ वर केला, गुडघे टेकले आणि स्वतः आत शिरली. काठ मागे खाली पडला.

आत अंधार होता, जुन्या पांदानाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. सेलेपाचा चेहरा घामाने डबडबलेला होता. दोघींची डोकी एकमेकींना लागत होती.

"तू कशाला आलीस आत?" सेलेपा पुटपुटली. "आता उचलणार कोण?"

"मला नाही ठाऊक." फुआतिनो रडत होती आणि तिला ते लपवायचंही नव्हतं. "तुला मयतीतच कळलं होतं ना?"

"हो."

"मंडळात सांगता आलं नसतं, ते समजलं मला. पण मला एकटीला? विणताना, जेवताना कधीही सांगायचंस. मी तुझी कोण होते गं?"

सेलेपाच्या हातात पंखा नव्हता, म्हणून तिने तळहात तोंडावर धरला. मग तो खाली घेतला.

"शेवट आधी सांगितलेला तुला चालत नाही," ती म्हणाली.

बाहेर ऊन चढायला लागलं. चटईच्या विणीतून ते बारीक बारीक आत येत होतं. मग गवतावर काठी टेकल्याचा आवाज झाला, पुन्हा झाला, आणि चटईच्या काठापाशी एका पुरुषाची पावलं येऊन थांबली. बोटं मातीत रुतवून ती बराच वेळ नुसतीच उभी राहिली. मग काठी बाजूला पडली, सरदार बहिणीपुढे आणि गावच्या सुनेपुढे गुडघ्यांवर आला, आणि त्याने दोन्ही हातांनी चटई उचलली. मग नजर वर करून त्याने सरळ सेलेपाकडे पाहिलं.